उडीसाहेबांची लिफ्ट

"लिफ्ट पडायला लागली ना आजी, की अगदी शेवटच्या क्षणाला उडी मारायची. मग काही होत नाही," नात मला शिकवत होती. तिच्या हनुवटीला टाके पडले होते, खालचा ओठ सुजून नाकाशी गप्पा मारायला निघाला होता, तरी जीभ थांबत नव्हती. आमच्या घरात वारसाने खाली येणारी ही एकच गोष्ट.

आमच्या इमारतीत त्या आठवड्यात नवी लिफ्ट बसत होती. उद्घाटन व्हायचं होतं, पण फिटर तपासणीसाठी ती खालीवर पळवायचा आणि पोरं संधी साधून आत घुसायची. आत काय खेळायची, तर लिफ्ट थांबायच्या आधी सगळ्यांनी मिळून उडी. माझी नात सगळ्यात उंच उडाली आणि हनुवटीवर आपटली. सूनबाई लिफ्टला शिव्या घालत होती, मुलगा सूनबाईला गप्प करत होता. मी नातीला विचारलं, हे शहाणपण कोणी शिकवलं?

"उडीवाल्या आजोबांनी. त्यांनी स्वतः मारली होती. म्हणून तर ते वाचले."

आणि मग तिने मला सगळी गोष्ट सांगितली. लिफ्ट कशी सुटली, आजोबांनी डोकं कसं शांत ठेवलं, जमीन जवळ आल्यावर कशी उडी मारली. त्यांच्याबरोबर एक भोळा लिफ्टवाला होता, तो घाबरून उभाच राहिला, म्हणून मेला.

त्या पोरीला कोणी सांगितलंच नव्हतं की तो भोळा लिफ्टवाला तिचा आजोबा होता.

ह्यांना इस्पितळात सगळे 'खालीवर' म्हणायचे. डॉक्टरांपासून झाडूवाल्यापर्यंत. "खालीवर कुठे आहे?" "खालीवरला हाक मार." खरं नाव रेशनच्या कार्डावर होतं, तेवढंच. इस्पितळाच्या मागच्या अंगाला सामानाची लिफ्ट होती, ती हे चालवायचे. पितळी दांडा पुढे केला की वर, मागे ओढला की खाली. दिवसभर चालून कुठेच न पोचणारा माणूस मी केलाय, असं मी चारचौघींत म्हणायची. हे हसायचे. त्यांच्यावर कितीही तोंडसुख घ्या, दगडावर पाणी.

वरच्या मजल्यावर लॉन्ड्री होती. तिथे मी इस्त्रीला होते. म्हणजे चादरी मी सपाट करायची आणि हे खाली न्यायचे. लग्नही तसंच जमलं. मी गाठोडं लिफ्टमध्ये आपटून टाकलं, तर हे म्हणाले, हळू, तळाला धक्का बसतो. मी म्हटलं, तुमच्या तळाची एवढी काळजी असेल तर गादी घाला. तेवढ्यावरून बोलणं सुरू झालं ते पुढे थांबलं नाही. म्हणजे माझं. ते ऐकायचे.

एक गोष्ट मात्र मी त्यांच्या तोंडावर कधी बोलले नाही, आता लिहिते. त्याच लिफ्टने मेलेली माणसंही खाली न्यायची असत. दुसऱ्या लिफ्टमनच्या पाळीत स्ट्रेचर धाडकन मजल्याला लागायचं. ह्यांच्या पाळीत कळायचंसुद्धा नाही लिफ्ट कधी थांबली. मी एकदा हसले होते, म्हटलं त्या बिचाऱ्याला आता काय कळतंय. हे म्हणाले, "त्याला नाही कळत. पण मला कळतं ना."

तर असा हा माणूस. आणि दुसरा तो उडीवाला, लॉन्ड्रीचा सुपरवायझर. तेव्हा तरुण, केसांचा कोंबडा काढलेला, हातात कायम छडी. कशासाठी होती देव जाणे, चादरी काही चावत नाहीत. पुढे तोच मॅनेजर झाला, मग निवृत्त झाला. आम्हा सगळ्या कामगारांनी मिळून जी इमारत बांधली तिचा अध्यक्षही तोच. माझ्या डोक्यावरच्या मजल्यावर राहतो. म्हणजे त्याच्या खुर्चीचे पाय सरकले की ते माझ्या छताला कळतं. एवढी वर्षं मी ते ऐकत आले.

अपघाताची गोष्ट सांगायची तर आधी गाठोड्यांची सांगितली पाहिजे. लिफ्टमध्ये पत्र्याची पाटी होती, बारा गाठोडी. किलोचा हिशेब आमच्यापैकी कोणी वाचला नसता, म्हणून इस्पितळाने तो गाठोड्यांत लिहून ठेवला होता. बारा गाठोडी एका बाजूला छतापर्यंत रचली, की दांड्याजवळ माणूस उभा राहील एवढ्या रुंदीची लांब पट्टी उरायची. वर्षानुवर्षं तसंच चाललं. त्या दिवशी चादरी वाळवायचं मशीन बंद पडलं. सुपरवायझर म्हणाला, ओल्याच खाली पाठवा, मागच्या मैदानात वाळत घालू. ह्यांनी त्याला सांगितलं की ओलं गाठोडं जड असतं, सहाच नेऊ, दोन फेऱ्या करू. तो पाटीवर छडी आपटून म्हणाला, बारा लिहिलंय, बारा भर. कोरडी की ओली, असं कुठे लिहिलंय दाखव.

लिहिलेलं नव्हतंच. हे मी माझ्या कानांनी ऐकलं. मी तिथेच इस्त्रीवर होते. ओलं गाठोडं उचलायला दोघी लागायच्या, ती बाराही आम्हीच आत ढकलली. मग खाली कुणी मोठे डॉक्टर वाट बघतायत म्हणून सुपरवायझरही त्या पट्टीत घुसला. दार लागलं. हे माझ्याकडे बघून हसले. एवढंच.

लिफ्ट एकदम नाही पडली. आधी घसरली, मग कुठेतरी मध्येच अडकून लोंबकळत राहिली. आम्हाला वरून दोराचा आवाज येत होता. कोणी कपडा फाडावा तसा. बायका ओरडायला लागल्या, कोणी मेकॅनिकला बोलवायला धावलं. मी दाराच्या जाळीला तोंड लावून ह्यांना हाका मारत होते. खालून ह्यांचा आवाज येत होता, पण माझ्याशी नाही, त्याच्याशी काहीतरी बोलत होते. शब्द कळत नव्हते. मग दोर गेला.

सुपरवायझरला खरचटलं, एक बरगडी मोडली. ह्यांच्या दोन्ही टाचांचा चुरा झाला, गुडघे वर गेले, कणा मोडला. आमच्याच इस्पितळात, मी इस्त्री केलेल्या चादरीवर त्यांना ठेवलं. तिथे ते एकदाच नीट शुद्धीवर आले. मी हात धरून बसले होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "साहेब वाचले?" मी म्हटलं, वाचला. "बरं झालं," म्हणाले आणि डोळे मिटले. मुलांचं काही नाही, माझं काही नाही. साहेब वाचले, बरं झालं. बायकोसाठी तीन शब्द शिल्लक ठेवले नाहीत, म्हणून मी त्या माणसावर तो गेल्यावरही किती वर्षं चिडून होते, ते माझं मला माहीत.

चौकशी झाली. सुपरवायझर म्हणाला, लिफ्टमनने बारापेक्षा जास्त भरली. गाठोडी फुटून खड्ड्यात लगदा झाला होता, मोजणार कोण? मी जाऊन सांगितलं की बाराच होती, पण ओली होती, आणि भरायला लावली ती ह्याने. साहेब लोकांनी माझ्याकडे बघितलं, एकाने विचारलं, बाई, तुमचं शिक्षण किती? मी म्हटलं, दुसरीपर्यंत, पण ओलं आणि कोरडं त्याच्या आधीच कळायला लागतं. ते हसले. कागदावर 'लिफ्टमनचा हलगर्जीपणा' असं आलं. आणि ह्याने त्यावर आपली उडी रचली. पहिल्या वर्षी नुसतं 'नशीब' म्हणायचा. मग 'प्रसंगावधान' झालं. मग उडी आली. मग दर वर्षी ती उडी थोडी उंच होत गेली, आणि लोक त्याला उडीसाहेब म्हणायला लागले. मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे असतात म्हणतात. ह्याने तर त्या लोण्यावर घर बांधलं.

आता उडी खोटी हे मला कशावरून माहीत? ह्यांच्याकडूनच. वर्षातून एकदा दोर तपासायला मेकॅनिक यायचा, त्याच्याशी ह्यांची दोस्ती होती, आणि ऐकलेलं सगळं रात्री जेवताना माझ्या पानात पडायचं. मीच एकदा विचारलं होतं, की लिफ्ट पडली तर उडी मारून वाचता येईल का. हे म्हणाले, पायाखाली जमीन असेल तर उडी. लिफ्ट पडते तेव्हा तू पण तेवढ्याच वेगाने पडतेस, पायाला जोर द्यायला उरतं काय? बरं, मारलीस कशीतरी, तर वेग कमी होऊन होऊन किती होणार, धावत्या बसमध्ये मागच्या बाजूला दोन पावलं चाललीस तेवढा. बस थोडीच थांबते. आणि खिडकी नसलेल्या खोक्यात जमीन कधी आली हे तुला सांगणार कोण?

मग करायचं काय, मी म्हटलं.

झोपायचं, ते म्हणाले. पाठीवर, सपाट, हातपाय पसरून. "तुझी इस्त्री उभी टोकावर धरलीस तर गादीत रुतते का नाही? तीच आडवी ठेवली की काही होत नाही. वजन तेवढंच, पण वाटलं जातं. उभ्या माणसाचा सगळा मार टाचेत जातो, तिथून कण्यात. झोपलेल्याचा मार अंगभर वाटला जातो. दुखतं सगळीकडे, पण माणूस राहतो."

हे ज्याला ठाऊक, तो माणूस उभा का राहिला? टाचा फुटल्या म्हणजे उभाच होता. हा प्रश्न घेऊन मी म्हातारी झाले. एकटी असले की माझ्या मनातही यायचं, घाबरले असतील. ऐन वेळी सुचलं नसेल. आणि तसं मनात आलं की त्या उडीवाल्याचा राग दुप्पट व्हायचा, कारण माझ्याच नवऱ्याला माझ्याच मनात भित्रा करून ठेवणारा तोच होता.

तर नातीची हनुवटी बघून मी उठले आणि लिफ्टच्या फिटरकडे गेले. त्याला चहा दिला, जवळ बसले आणि सगळी बटणं विचारून घेतली. म्हातारीला हौस आली म्हणून तो खूश. लाल बटण दाबलं की काय होतं? जागच्या जागी थांबते आजी. मग? मग ते बाहेर ओढायचं, की चालू. मी म्हटलं, पडत नाही ना? तो हसला. म्हणाला, आताची लिफ्ट पाडायची म्हटली तरी पडत नाही. दोर चार-चार असतात, आणि वेग वाढला की खालचे जबडे रूळ चावून धरतात. पूर्वी हे नव्हतं का, मी विचारलं. असायचं, म्हणाला, पण कोणी तेलपाणी केलं तर.

मी म्हटलं, बरं.

उद्घाटनाला सगळी इमारत खाली जमली. खुर्च्या मांडल्या, लाल फीत बांधली, लाउडस्पीकर आणला. सेक्रेटरी म्हणजे आमच्याच लॉन्ड्रीतल्या एकीचा मुलगा, बोलायला लागला की डोळ्यांत पाणी येणारा. त्याने अध्यक्षांची ओळख करून दिली, की लिफ्ट पडून जिवंत राहिलेला माणूस आपल्यात आहे, त्यांच्याच हस्ते लिफ्टचं उद्घाटन होतंय, हा केवढा योग. उडीसाहेब उठले. पांढरा शर्ट, काळा चष्मा, पाय आता लटपटतात पण ऐट तीच. सुंभ जळला तरी पीळ काही जळत नाही. त्यांनी पोरांना पुढे बसवलं आणि गोष्ट सुरू केली. पोरांना पाठ होती, मध्येमध्ये तीच पुढचं वाक्य सांगत होती. शेवटी आवाज खाली आणून म्हणाले, "आमचा लिफ्टमन बिचारा साधा होता. त्याला म्हटलं, उडी मार, उडी मार. पण भोळा माणूस, उभाच राहिला."

काही जुन्या बायकांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या मोठ्या मुलाने मान खाली घातली. ही त्याची जुनी सवय. बापावर गेलाय असं लोक म्हणतात, पण बाप मान खाली घालत नसे, गप्प बसत असे. ह्यात फरक आहे.

फीत कापली, टाळ्या झाल्या. सेक्रेटरी म्हणाला, आता अध्यक्षांनी पहिली फेरी मारावी.

मी पुढे झाले. म्हटलं, पहिली फेरी मी साहेबांबरोबर मारणार.

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी लग्नानंतर ज्या लिफ्टमध्ये चढले असेन ती ह्यांचीच, आणि ते गेल्यावर कुठल्याच नाही. गुडघे गेले तरी जिनाच चढते, हे इमारतीतलं मांजरसुद्धा जाणतं. लोकांना वाटलं, म्हातारीने जुनं सगळं पोटात घातलं. सेक्रेटरीच्या डोळ्यांत लगेच पाणी. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. उडीसाहेबांना नाही म्हणायला तोंड उरलं नाही. "या ना वहिनी," म्हणाले, आणि घाम पुसला. तेव्हा माझ्या लक्षात आलं, ह्या माणसाने अध्यक्ष म्हणून लिफ्ट मंजूर केली, पण फिटर आल्यापासून एकदाही तो तिच्यात चढलेला नाही.

लिफ्ट लहान होती. चार माणसांची म्हणतात, पण ती चार आपल्या ओळखीची नसावीत. दार लागलं. आम्ही वर निघालो. तो दाराकडे तोंड करून, आधाराची दांडी दोन्ही हातांनी धरून. पहिला मजला यायच्या आधी मी लाल बटण दाबलं.

धक्का बसला, दिवा लुकलुकला आणि लिफ्ट थांबली.

"दोर घसरला वाटतं, साहेब," मी म्हटलं. "आता मारा उडी."

मला एवढंच हवं होतं. त्याचं तोंड बघायचं होतं. लटपटत्या पायांनी त्याने तिथे बेडकासारखी उडी मारावी, मी बटण ओढावं, दार उघडावं आणि इमारतीने बघावं. ह्याच्यापुढचं मी काही ठरवलेलं नव्हतं.

त्याने उडी मारली नाही. त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तो माणूस झपकन खाली बसला, मग पाठीवर आडवा झाला. ज्याला खुर्चीतून उठायला आधार लागतो, तो कोणी दोरी कापावी तसा खाली गेला. डोकं कोपऱ्यात, पाय दाराला, तळवे जमिनीला टेकवलेले, हातपाय पसरलेले. डोळे गच्च मिटलेले. ओठ हलत होते.

सपाट. जसं ह्यांनी मला जेवताना सांगितलं होतं अगदी तसं.

मला पाय ठेवायला जागा उरली नाही. मी एक पाऊल त्याच्या कोपराजवळ आणि एक कोपऱ्यात ठेवून, पाठ भिंतीला लावून उभी राहिले. हलायला गेले तर त्याच्या हातावर पाय पडला असता. अशी किती वेळ उभी होते मला सांगता येणार नाही. मग मी आता कुठे उभी आहे, ते मला कळलं.

"हे तुम्हाला कोणी शिकवलं?" मी विचारलं.

त्याने डोळे आणखी गच्च मिटले.

"साहेब, मी विचारतेय. कोणी शिकवलं?"

"त्याने," तो म्हणाला. अगदी हळू.

मला अजून सुईचा आवाजही ऐकू येतो. पण खाली दाराशी माणसं जमली होती, हाका मारत होती, आणि वरच्या मजल्याच्या दारापाशीही पावलं वाजत होती. मी म्हटलं, "मोठ्याने बोला. मला म्हातारीला कमी ऐकू येतं."

"त्यानेच सांगितलं," तो ओरडला. घाबरलेला माणूस ओरडायला लागला की त्याला थांबता येत नाही. "तो म्हणाला, साहेब झोपा, पाठीवर झोपा, हातपाय पसरा. मी झोपलो. त्याने माझं डोकं धरून सरळ केलं."

बाहेरच्या हाका बंद झाल्या.

"आणि उडी?"

"नाही मारली."

"मग ते का नाही झोपले?"

त्याने तळवे जमिनीला आणखी दाबले.

"गाठोडी कोरडी होती का ओली?" मी म्हटलं.

"ओली."

"भरायला कोणी लावली?"

"मी. वहिनी, मी लावली. मला वाटलं बारा म्हणजे बारा. मला खरंच कळलं नव्हतं."

"किती होती?"

"बाराच होती."

"मग ते का नाही झोपले?" मी पुन्हा विचारलं. मला उत्तर दिसत होतं, माझ्या पायांपाशीच पडलं होतं. पण मला ते ह्याच्या तोंडून पाहिजे होतं, आणि वर-खाली उभ्या सगळ्यांच्या कानांत.

"जागाच एका माणसाची होती," तो म्हणाला. "मी झोपलो. मग जागा राहिली नाही. तो पाय जुळवून उभा राहिला, माझ्यावर पाय पडू नये म्हणून." मग म्हणाला, "मी त्याला म्हटलंसुद्धा नाही की तू कुठे झोपणार. मला सुचलंच नाही. नंतर सुचलं."

मी लाल बटण ओढलं. लिफ्ट शहाण्या पोरासारखी वर गेली आणि पहिल्या मजल्यावर दार उघडलं. तिथे अर्धी इमारत उभी होती. पोरं पुढे, मोठी मागे, माझा मोठा, सूनबाई, हनुवटीला पट्टी बांधलेली नात. उडीसाहेबांनी डोळे उघडले, स्वतःला जमिनीवर बघितलं, लोकांना बघितलं, आणि सवयीने हात वर केला, उठवण्यासाठी. सगळ्यात जवळ मीच होते.

मी हात दिला नाही. तिथे हातांची कमी नव्हती. पण बघितलं, तर तेही चटकन पुढे आले नाहीत. शेवटी सेक्रेटरीने आणि माझ्या मोठ्याने त्याला उठवलं. मोठ्याने मात्र तेव्हा मान खाली घातली नव्हती, एवढं मी पाहिलं. मी पदर सारखा केला आणि उरलेला जिना चढून घरी गेले.

माफ केलं का, म्हणून जो तो विचारतो. का करू? मेलेल्याने वाचवलं, त्याबद्दल त्याला देवघरात ठेवायचं सोडून ह्याने त्याला भोळा केला, माझ्या मुलांना खाली बघायला लावलं, आणि मला माझ्याच नवऱ्याबद्दल शंका घ्यायला लावली. बाकी सगळं एक वेळ पोटात घालीन, हे शेवटचं नाही. त्याने दुसऱ्या दिवशी अध्यक्षपद सोडलं. आता जिन्याने जातो, एकेक पायरी, कठड्याला धरून, आणि माझ्या दारासमोरून जावंच लागतं म्हणून मी सकाळी दार उघडं ठेवून बसते. पोरं त्याला आता 'आडवेसाहेब' म्हणतात. नाव मी ठेवलेलं नाही. पण मी कुणाला अडवलंही नाही.

त्या दिवशी घरी आल्यावर सूनबाईने चहा आणला, मी नको म्हटलं आणि आतल्या खोलीचं दार लावून घेतलं. आमची खाट तिथेच आहे. लग्नात मिळालेली, एका माणसाची. दुसरी घ्यायची ऐपत आली तोवर सवय झाली होती. दोघांनी कुशीवर झोपायचं, मी भिंतीकडे, हे बाहेरच्या बाजूला, आणि कूस बदलायची तर एकदम. एवढ्याशा जागेत दोन माणसं कशी मावतात, हे जगात कुणाला माहीत असेल तर ह्यांना.

मी खाटेवर पाठीवर झोपून बघितलं, हातपाय पसरून. सगळी खाट भरून गेली. मग कुशीवर वळले, आणि अर्धी मोकळी झाली.

म्हणजे त्या पट्टीतही दोघं मावले असते. त्यालाही कुशीवर वळवायचं आणि आपण शेजारी शिरायचं. पण कुशीवर मार वाटला जात नाही, सगळा एका बरगडीत जातो. दोघं अर्धे-अर्धे मोडले असते. हे त्यांनी मोजलं असणार. आणि तेवढ्या वेळात, दोर फाटत असताना, मी वरून हाका मारत असताना, एकाला पूर्ण जागा दिली. बायकोशी बोलायला वेळ राहिला नाही, त्यात त्यांची काय चूक.

मी भिंतीकडे सरकून झोपले.